मालीगौराच्या आधीची दोन मिनिटं

प्रिय बारक्या,

'सध्या ऐकतेय' या मथळ्याखाली या महिन्यात माझ्याकडे एकच ओळ आहे, म्हणून नेहमीच्या कार्डाऐवजी हे जाडजूड पाकीट आलंय. एरवी मी तुला पाच-सहा रेकॉर्डिंगं लिहून पाठवते, तू तुझी पाठवतोस, मग मी तुझ्या यादीला नाक मुरडते आणि तू माझ्या. या वेळी तीन आठवडे मी एकच कॅसेट ऐकतेय. घड्याळजींची, तुमच्या रविवारच्या मंडळींतल्या चष्मेवाल्यांनी माझ्याकडे आवाजाच्या साफसफाईला पाठवलेली. तू तिची पहिली दहा मिनिटं त्यांच्या दुकानात ऐकलीस, तीच. आणि आधीच सांगते, हे पत्र रविवारच्या आत वाचून संपव. अर्ध्यावर ठेवून जेवायला बसू नकोस, खिशात घालून कामावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरू नकोस. रविवारी चार वाजता तुझ्या बाहेरच्या खोलीत ती कॅसेट लागेल, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला असं काही आहे जे तू सहा माणसांदेखत पहिल्यांदा ऐकू नयेस. तसं ऐकलंस तर तू माझं तोंड पुन्हा पाहणार नाहीस अशी मला भीती वाटते. हे वाचूनही कदाचित पाहणार नाहीस. पण निदान माझ्या तोंडून कळलेलं असेल.

तुझ्या गेल्या कार्डात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक म्हणजे, गाणं बाईंचंच आहे, मारवा आहे, खोली लहान आहे, खिडकी उघडी आहे, आणि 'श्रोत्यांत तुझ्यासारखीच समेच्या आधी जीभ वाजवणारी कुणीतरी बया बसली आहे, मला हसू आलं' असं तू लिहिलंस. दुसरी गोष्ट तुझ्या लेकीबद्दलची, चिमणीबद्दलची. ती कार्डाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी होती. तिच्याकडे मी शेवटी येते. आधी त्या बयेचं बघू. बारक्या, ती बया मीच आहे. तुझ्या कानांनी ओळखलं आणि तू हसून सोडून दिलंस, कारण मी तुला आजवर शपथेवर सांगत आलेय की बाईंना मी कधीच घरगुती मैफलीत ऐकलेलं नाही. कितीदा हळहळले आहे मी तुझ्यासमोर त्यावरून, आठवतं ना. ते सगळं नाटक होतं. एकदा ऐकलंय. एकदाच.

घड्याळजी तुला आठवत असतील. दिवसभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडायची आणि संध्याकाळी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून कुणाच्या घरी गाणं असेल तिथे हजर व्हायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. त्यांच्या दोन खोड्या होत्या. गाणं सुरू व्हायच्या आधीपासून ते मशीन चालू ठेवायचे आणि संपल्यावरही लगेच बंद करायचे नाहीत, त्यामुळे त्यांच्या कॅसेटींत खोकले, सतरंजीवर सरकणारे पाय, पेले, सगळं येतं. बाबांना ते फार आवडायचं. गाण्याइतकीच खोलीही टेपवर हवी, आणि एकदा टेपवर आलेलं काहीही छाटायचं नाही, हा बाबांचा नियम. तो आता तुमच्या रविवारच्या मंडळींचाही झालाय. दुसरी खोडी अशी की गाणं किती वाजून किती मिनिटांनी सुरू झालं आणि संपलं हे ते तारखेसकट कागदावर लिहायचे आणि पाकिटात घालून चिकटवून डब्यात ठेवायचे. ऐकणाऱ्यांनी आधी अंदाज करायचा, मग पाकीट फोडायचं. ते पाकीट माझ्यासमोर आहे, अजून बंद. मला ते फोडायची गरज नाही. त्यातली तारीख मला पाठ आहे आणि तुलाही पाठ आहे. बाबा गेले तीच.

आता तू थांबला असशील. पाणी पी आणि पुढे वाच.

कॅसेट आली तेव्हा मी खुशीत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या घासून माझी बोटं पांढरी झालेली असतात, मग दुकानातून आल्यावर बाबांच्या मशीनपुढे बसायचं, हेच माझं सुख. दोन मिनिटांतच पंखा ऐकू आला. त्या खोलीच्या पंख्याला एक कटकट होती, चौथ्या फेऱ्याला यायची. आणि मग पहिला च्. माझाच.  तरी मी ऐकत राहिले, म्हटलं दाटीवाटीने बसलेल्या पंचवीस-तीस माणसांत एक जीभ, कोण कशाला शोधतंय. पहिली बाजू संपली. दुसरी बाजू लावली, तर घड्याळजींनी सवयीप्रमाणे मध्यंतरातच मशीन चालू केलेलं. दोन मिनिटं नुसती गडबड आहे. कुणीतरी खिडकी ओढून घेतं, तबलजी हातोडी मारतोय, आणि त्यावर अगदी माइकजवळ घरच्या यजमानीण बाई विचारतात, निघालात की काय, बाई आता मालीगौरा घेतायत. आणि मी म्हणते, निघायलाच हवं, घरी वडील एकटे आहेत. मग जरा थांबून, तोंडात हसू असल्यासारखी म्हणते, बरं, एवढं ऐकूनच जाते.

एवढं ऐकूनच जाते. माझाच आवाज, पंचवीस वर्षांनी लहान, उत्साहाने फुललेला. मी मशीन बंद केलं आणि बाबांच्या खुर्चीवरून उठून स्टुलावर जाऊन बसले. त्या खुर्चीत बसवेना.

मग मी काय केलं तेही सांगते, सांगायचंच म्हटल्यावर अर्धवट कशाला. मी ते वाक्य काढून टाकलं. कवळीत एखादा दात बदलून तो मूळचाच आहे असं भासवायचं, हा तर माझा रोजचा धंदा. संगणकावर आवाज घेतला, माझं वाक्य कापलं आणि त्या जागी त्याच खोलीतली, मारवा संपल्यावरची चार सेकंदांची शांतता आणून बसवली. सांधा कुठे कळत नाही. मग माझे च् काढले, दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस. यजमानीण बाई आता निघालात की काय म्हणून विचारतात आणि कुणीच उत्तर देत नाही, तबला जुळत राहतो. घरगुती मैफलीत असं होतंच की. मूळ कॅसेट मशीनमध्ये अडकून तुटली म्हणून चष्मेवाल्यांना सांगायचं, साफ केलेली प्रत द्यायची. रविवारी पाकीट फुटलं असतं, तू तारीख वाचली असतीस, आणि मी म्हटलं असतं, बघ रे, त्याच दिवशी गात होत्या बाई आणि आपल्याला पत्ता नव्हता. कुणाच्या बापाला संशय आला नसता. जीव भांड्यात पडायला हवा होता माझा. उलट मला माझीच भीती वाटली. इतकं सफाईने खोटं बोलता येतं हे मला नव्याने कळत नव्हतं, पूर्वी एकदा केलंच होतं मी ते, मशीनशिवाय.

त्या आठवड्याचं तुला सांगायला नको, तरी लिहिते, कारण आपण दोघं त्यावर कधी सलग बोललोच नाही. बाबांना झटका येऊन आठ महिने झाले होते, उजवा पाय ओढत वॉकर घेऊन चालायचे. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना तळमजल्यावरच्या घरी हलवा, आणि तुझं घर तळमजल्यावर. बाबा टेपांची कपाटं सोडून यायला तयार नव्हते. तुमचं भांडण झालं. तुम्हाला माणसांपेक्षा टेप प्यारे आहेत, तर बसा त्यांच्याशीच बोलत, असं म्हणून तू दार आपटून गेलास. तू रोज पाळी संपली की सहा वाजून दहा मिनिटांनी फोन करायचास, तो चार दिवस आला नाही.  बाबा रोज सहा वाजले की रेडिओ बारीक करायचे.

पाचव्या दिवशी घड्याळजींकडून निरोप आला की बाई कुणाच्यातरी घरी गाणार आहेत, पंधरा मिनिटांच्या अंतरावर. मी नाही म्हटलं होतं. बाबांनीच मला पिटाळलं, हे खरं आहे, माझी बाजू सावरण्यासाठी नाही लिहीत. म्हणाले, जा, पुढे बस, आणि जीभ माइकपासून लांब ठेव. सहाला निघायचं, साडेसहाला माझा चहा, असं ठरलं. आठ महिन्यांत मी त्यांना एकटं सोडलं नव्हतं. सव्वापाचला मारवा सुरू झाला, सहाला दोन मिनिटं कमी असताना संपला. मी चपला शोधायला उठलेच होते. आणि मग मालीगौरा.

तुला मालीगौरा काय ते सांगायची गरज नाही. बाईंनी तो कधी रेकॉर्ड केला नाही, जाहीर कार्यक्रमात गायल्या नाहीत, गुरूंनी दिलेला आहे म्हणून जपून ठेवलेला. बाबांनी आयुष्यभर वाट पाहिली त्याची, ध्वनिमुद्रक असूनही हाती लागला नाही. तू आत्ता कार्डात लिहिलंस की घड्याळजींच्या कॅसेटीत तो असेल तर जन्माचं सार्थक. आहे. सव्वीस मिनिटं आहे. दुसरा कुठला राग असता तर मी निघाले असते, यमन असता तर नक्कीच. अनवट राग कानावर पडणार म्हणून आजारी बापाला वाट बघायला लावायची, हा मूर्खपणा आपल्यासारखी माणसंच करू जाणोत. मी स्वतःला सांगितलं की मी हे बाबांसाठी ऐकतेय, घरी जाऊन त्यांना गुणगुणून दाखवेन. थापा. सव्वीस मिनिटांत मला बाबांची एकदाही आठवण झाली नाही. एकदाही नाही, बारक्या. आणि गाणं अप्रतिम होतं. त्याबद्दल तुला खोटं सांगता येणार नाही, रविवारी तू ऐकशीलच.

घरी पोचले तेव्हा सातला दहा कमी होती. दारात मी अजून त्यातली एक जागा गुणगुणत होते. पुढचं तुला मी जे सांगितलं ते असं होतं: मी घरीच होते, चहा ठेवत होते. बाबा पलंगावर पडले होते. सहा दहाला फोन वाजायला लागला, मी उचलायला निघाले, तर बाबा म्हणाले, वाजू दे. पुन्हा वाजेल म्हणून रिसीव्हर काढून ठेवायला लावला. आणि मग अर्ध्या तासाने झोपेतच गेले. हेच सांगितलं ना मी? तू धावत आलास, जिन्यातून वर आलास तो धापा टाकत पहिलं हेच विचारलंस की मी फोन केला तेव्हा नुसताच वाजत राहिला, सहा मिनिटांनी परत केला तर एंगेज लागला, बाबा रागावले होते का माझ्यावर. डॉक्टर आत होते, शेजारचे आत होते, त्यांना सगळ्यांना मी आधीच सांगून बसले होते की मी घरीच होते. आता घरी असून फोन का उचलला नाही याला काहीतरी कारण हवं होतं. ते माझ्या तोंडून आपोआप आलं. वाजू दे, म्हणाले. मला ते बोलायला एक सेकंद लागला.

वाटलं, तू चार दिवस रडशील आणि विसरशील. नंतर सांगू, तेराव्या दिवसानंतर, महिन्यानंतर, तुझं लग्न झाल्यावर, चिमणी झाल्यावर. मारव्यात सा लांबणीवर टाकायचा असतो, पण त्यालाही काही मर्यादा असते असं बाबा म्हणायचे. मी पंचवीस वर्षं लांबवला. आणि तू विसरला नाहीसच. तू त्याचा विनोद केलास. कुणी फोन उचलला नाही की तू म्हणतोस, वाजू दे, आमच्या घराण्याची रीतच आहे, आणि सगळे हसतात, मीही हसते. तुझी बायको मला एकदा म्हणाली होती की हा दुसऱ्याचा फोन पहिल्या रिंगला उचलतो, शिडीवर असला तरी, आणि स्वतः फोन लावला तर तिसऱ्या रिंगला ठेवून देतो, चौथी रिंग ऐकूच शकत नाही. ती हे तुझी गंमत म्हणून सांगत होती. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. बाबांच्या आवाजातल्या टेपा मी तुला दोनदा देऊ केल्या, त्यांनीच रेकॉर्डिंगच्या आधी नाव आणि वार सांगितलेल्या. तू म्हणालास, त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं, मी तरी कशाला ऐकू. तेव्हाही मी गप्प बसले. याला माफी नाही. मी भित्री होते. तू गेलास तर मला कुणी नाही, हे मला माहीत होतं, आजही तसंच आहे.

आता खरं काय ते. बाबा पलंगावर नव्हते. पलंग रिकामा होता, पांघरूण बाजूला केलेलं. वॉकर खोलीच्या दारात उंबऱ्याला अडकून उभा होता, तो नेहमीच तिथे अडकायचा आणि मी उचलून पुढे ठेवायचे. तो तिथेच सोडून बाबा भिंतीला धरून पुढे गेले होते. पॅसेजमध्ये फोनच्या स्टुलाखाली बसले होते, पाठ भिंतीला, पाय पुढे पसरलेले, चष्मा घातलेला. रिसीव्हर मांडीवर होता, दोन्ही हातांत धरलेला, आणि त्यातून तो टूं टूं आवाज येत होता. तुझा पहिला फोन वाजून संपल्यावर ते पोचले असणार. वाजायचा थांबला तरी त्यांनी उचलला. म्हणून तुला दुसऱ्यांदा एंगेज लागला. ते फोन घेऊन बसले होते रे, तू काढून ठेवलेला समजलास तो. पलंगापासून स्टुलापर्यंत अकरा पावलं आहेत, मी नंतर मोजली. मी शेजारी नसताना आठ महिन्यांत ते एक पाऊल टाकत नव्हते. अंगावर हाडंच राहिली होती, मी एकटीने त्यांना उचलून पलंगावर नेलं, चष्मा काढला, रिसीव्हर जागेवर ठेवला आणि मग डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, हृदय कधीही थांबणार होतं, चालताना काय आणि झोपेत काय. तू आता हिशेब करत बसशील की मी फोन केला नसता तर. नको करूस. मी पंचवीस वर्षं दोन्ही बाजूंनी करून पाहिलाय. तू फोन केलास म्हणून ते गेले नाहीत. घरात उचलायला मी नव्हते म्हणून ते उठले, आणि तुझा होता म्हणून उठले. पहिलं माझं आहे, त्यात वाटेकरी होऊ नकोस. दुसरं तुझं होतं आणि मी ते तुझ्यापासून चोरलं.

शनिवारी चष्मेवाले कॅसेट न्यायला येतील. त्यांना मी मूळची देणार आहे, न छाटलेली, पाकिटासकट. साफ केलेली प्रत मी पुसून टाकली. तुला ती दुसरी बाजू मंडळींसमोर लावायची नसेल तर त्यांना तसं सांग, काहीही कारण सांग, थापा मारायच्या असल्या तर माझी शिकवणी लाव. लावायची असेल तर लाव आणि मी कोण ते सगळ्यांना सांग, माझी हरकत नाही. पण मालीगौरा ऐक. बाबांच्या वाट्याचाही तूच ऐकायचास.

आणि आता चिमणी. खरं तर सगळं पत्र तिच्यासाठीच आहे. कॅसेटीसाठी मी हे लिहिलं नसतं, बारक्या, ते मी बेमालूम मिटवलं होतं, तुला सांगितलंच. साफ केलेली प्रत हातात धरून तीन दिवस मी निर्धास्त राहायचा प्रयत्न केला. मग तुझं कार्ड पुन्हा वाचायला घेतलं, आणि त्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर थांबले. तू लिहिलंयस, 'चिमणी भांडून नोकरीच्या गावी गेली ती गेलीच. दोनदा फोन लावला, उचलला नाही, ठेवून दिला. तिलाही आजोबांची रीत लागलेली दिसते. आता मी करणार नाही.' अरे, आजोबांची रीत ती नव्हतीच. ती मी एका सेकंदात बनवलेली आहे, आणि तू ती आता तुझ्या पोरीला लावायला निघालायस. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. मागे माझ्याकडे राहून गेली तेव्हा तिने मला सगळं दाखवलं होतं, दोन्ही हातांत दोन-दोन हातमोजे, ते काढायचे, हात धुवायचे, मग बाहेरच्या कपाटातून फोन काढायचा. हसत म्हणाली, आत्या, बाबांचा फोन मला कधी मिळतच नाही, मी पोचेपर्यंत ते ठेवून देतात, आणि परत केला की म्हणतात काही काम नव्हतं. मी तेव्हा तिला काही सांगितलं नाही. माझ्यावर तुला जे करायचं ते कर, पत्र फाड, वर्षभर बोलू नकोस, मी ते सोसेन. पण आज सहा दहाला तिला फोन लाव आणि तिसऱ्या रिंगला ठेवू नकोस. चौथी होऊ दे, पाचवी होऊ दे. हातमोजे निघेपर्यंत वाजू दे.

तुझीच,
तुझी खोटारडी ताई